आधी रक्त, मग गोळी

माझ्या पोटात, उजव्या बाजूला खाली, बायकोची किडनी आहे. ती गेली आणि ही राहिली. हे कोणाला सांगितलं की समोरच्याला काय बोलावं ते सुचत नाही, म्हणून हल्ली मी सांगत नाही.

ती डोक्यातल्या रक्तस्रावाने गेली. किडनी दिल्याचा आणि त्याचा काही संबंध नाही, हे डॉक्टरांनी मला बसवून समजावलं. माझ्या थोरल्या भावाला कोणी समजावलं नसावं. "एक देऊन बसली, आणि मग…" एवढं म्हणून तो थांबला आणि त्याने चहाचा कप उचलला. भांडायचं त्राण माझ्यात नव्हतं.

किडनी दुसऱ्याची असली की शरीर तिला परकी समजतं आणि तिच्यावर उठतं. ते उठू नये म्हणून जन्मभर गोळ्या घ्यायच्या. त्यातली मुख्य गोळी सकाळी आठला आणि रात्री आठला. कमी पडली तर किडनी जाऊ शकते, जास्त झाली तर तीच गोळी किडनीला इजा करते. म्हणून अधूनमधून रक्त तपासून किती घ्यायची ते डॉक्टर ठरवतात. हे मला आधीपासून ठाऊक होतं. पण रोजचं बघणारी बायको होती. ती वाटीत गोळ्या काढायची, मी तोंडात टाकायचो.

ती गेल्यावर तिची थोरली बहीण आमच्याकडे राहायला आली. तिला सगळे आक्का म्हणतात, मीही. आक्काने आयुष्यभर सासऱ्यांचं पथ्य आणि नवऱ्याचे डबे घड्याळावर सांभाळलेले. माझ्या गोळ्याही तिने पहिल्याच दिवशी पाकिटांवरचं वाचून ताब्यात घेतल्या.

"भाऊजी, गोळी."

"घेतो."

"घेतो नाही, माझ्यासमोर घ्या. तोंड उघडा बघू."

"आक्का, मी काय लहान आहे?"

"लहान असता तर सोपं होतं. दोन धपाटे घातले असते."

मी घ्यायचो. तेव्हा मला कशातच गोडी नव्हती. माझं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आहे. मशीन उघडायचो आणि त्याच्याकडे बघत बसायचो. गिऱ्हाईक यायचं, ओरडून जायचं. पण गोळी चुकवावी असं कधी मनात आलं नाही. कोणी वस्तू आपल्याकडे सांभाळायला दिली तर आपला मूड असो नसो, ती सांभाळावी लागते. तसंच होतं ते.

मग रक्त तपासायचा दिवस आला. बायको गेल्यानंतरचा पहिलाच. सकाळी निघायची गडबड, तरी आठच्या ठोक्याला वाटी समोर.

"उपाशी जायचंय ना, आक्का?"

"गोळीने काय पोट भरणार आहे? घ्या, पाणी घ्या. वेळ चुकवायची नाही."

मी घेतली. रक्त देऊन आलो.

दोन दिवसांनी दवाखान्यातून फोन आला. रक्तात औषधाचं प्रमाण जास्त आलंय, सकाळची गोळी निम्मी करा. आक्काचा चेहरा खुलला. बहीण गेल्यापासून मी तो खुललेला पाहिला नव्हता. "बघा! सुधारतेय तब्येत. आता एकेक कमी होत जाईल." मलाही बरं वाटलं. गोळीने हात थरथरायचा, सुईत दोरा ओवताना त्रास व्हायचा. तेवढंच सुटेल, म्हटलं.

पंधरवड्याने पुन्हा बोलावलं. याही वेळी गोळी घेऊन, आक्काला घेऊन, मी रक्त देऊन बाहेरच्या बाकावर बसलो. शेजारी एक निवृत्त मास्तर होते, त्यांना मुलाने किडनी दिलेली. तेही रक्त देऊन आले, कोपरावरचा कापूस दाबून धरला आणि शर्टाच्या खिशातून गोळी काढून बायकोला म्हणाले, "पाणी." पलीकडच्या मुलीनेही पर्स उघडली आणि गोळी घेतली. मग दारातून बाहेर आलेल्या माणसाने घेतली.

मला बायको दिसली. याच बाकावर, पर्समधून कागदाची पुडी काढताना. रक्त दिलं की ती मला गोळी आणि बाटली द्यायची. मला वाटायचं, सकाळच्या घाईत घरी द्यायची राहते. एकदा चिडवलंही होतं, जगाचं सगळं तुझ्या लक्षात राहतं, नवऱ्याची गोळी तेवढी विसरते. ती हसली होती. "असू दे, आता घ्या," म्हणाली होती.

मी मास्तरांना विचारलं, "तुम्ही रोजची गोळी आत्ता घेता?"

"रक्ताच्या दिवशी नंतरच. आधी घेतली तर त्या आकड्याला काय अर्थ? तुम्हाला माहीत नाही? हवालदार उभं जाळेल तुम्हाला."

हवालदार म्हणजे तिथली सिस्टर. तिच्या पाठीमागे सगळे पेशंट तिला तेच म्हणतात, आणि तिला ते ठाऊक आहे.

आकडा खोटा होता. त्या खोट्या आकड्यावरून गोळी कमी झाली होती, आणि पंधरा दिवस ती किडनी अपुऱ्या राखणीवर होती. माझ्याकडे ठेवायला दिलेली.

मी सिस्टरच्या खोलीत गेलो. आक्का मागोमाग आली.

"सिस्टर, मागच्या वेळी मी गोळी घेऊन आलो होतो. आजही घेतलीय."

तिने पेन खाली ठेवलं. "कोणी दिली?"

आक्काने पिशवी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"कोण देणार? मीच घेतली. तोंड माझंच आहे."

"खोटं बोलतायत ते," आक्का म्हणाली. "मी दिली. समोर उभं राहून दिली. मला कोणी सांगितलंच नाही हो."

सिस्टर ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने आक्काला खुर्ची दिली आणि समजावलं की पुढची गोळी घ्यायच्या आधी रक्तात औषध कितपत उरलंय, ते त्यांना बघायचं असतं. आधीच गोळी घेतली तर ताजं औषध मोजलं जातं. मला ते लगेच कळलं. गिऱ्हाईक दुकानात यायच्या आधी मशीनला तेल पाजून आणतं. मग आवाज येत नाही आणि मला दोष सापडत नाही.

"तुमच्या मिसेसनी कधी सांगितलं नाही तुम्हाला?" सिस्टरने मला विचारलं.

"मी विचारलं नाही."

किडनीचं काम दाखवणारा दुसरा आकडा त्याच दिवशी कळला. तो वाढला होता, म्हणजे काम बिघडलं होतं. दुसऱ्या दिवशी गोळी न घेता पुन्हा रक्त दिलं, तेव्हा औषध खरोखर फार कमी निघालं. डॉक्टरांनी गोळी पूर्ववत केली आणि सलाइनमधून द्यायच्या इंजेक्शनांसाठी मला भरती करून घेतलं.

"उशीर झाला का?" मी विचारलं.

"थोडा. फार नाही असं धरून चालू. आठवड्यात आकडा उतरला नाही, तर सुईने किडनीचा बारीक तुकडा काढून तपासावा लागेल."

आक्का खाटेजवळच्या स्टुलावर बसली होती. डॉक्टर गेल्यावर म्हणाली, "मी उद्या घरी जाते. माझ्या हाताला यश नाही. तिचं एवढंच मागे राहिलं होतं, तेही मी…"

मला धीर द्यायला जमत नाही. ते काम घरात माझं नव्हतं. "तुम्ही गेलात तर मला धपाटे कोण घालणार?" म्हणालो. ती हसली नाही. "आक्का, राहा. मला घरात एकट्याला जायचं नाहीये. फक्त गोळ्या आता मी काढणार."

सिस्टर इंजेक्शन लावायला यायची, तेव्हा मी एकेक विचारून घ्यायचो. शेवटच्या दिवशी तिने माझीच परीक्षा घेतली.

"अंग दुखलं, डोकं दुखलं तर?"

"दुकानातून मनाने गोळी आणायची नाही. तुम्हाला फोन."

"गोळी घेतल्यावर उलटी झाली तर?"

"तुम्हाला फोन."

"घ्यायची राहिली, उशिरा आठवलं?"

"दोन एकदम घ्यायच्या नाहीत. तुम्हाला फोन."

"दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची दिली?"

"घ्यायची नाही. तुम्हाला फोन."

"माझं लग्न ठरलं तर?"

"नवऱ्याला फोन. वेळेत सावध केलेला बरा."

आक्का तोंडाला पदर लावून हसली. बऱ्याच दिवसांनी.

आठवड्याने मी रक्त देऊन दुकानात आलो. एक मशीन टाके सोडत होतं, ते उघडलं, पण स्क्रू कुठे ठेवले तेच कळेना. दुपारी फोन वाजला. सिस्टर म्हणाली, "उतरलाय आकडा. तुकडा काढायची गरज नाही."

"पहिल्यासारखा झाला?"

"तेवढा नाही. कदाचित होणारही नाही. थोडं नुकसान राहून जातं कधीकधी. पण चांगलं काम करतेय ती. सांभाळा."

मी मशीन तसंच टाकून घरी गेलो. आक्का तांदूळ निवडत होती. माझ्याकडे बघून तिने ताट बाजूला ठेवलं. मी सांगितलं.

"म्हणजे थोडी गेलीच," ती म्हणाली.

"थोडी गेली."

"माझ्यामुळे."

"आक्का, पुरे आता. बाकीची आहे."

उठून तिने ताटं घेतली. मी हात धुतले. दोघांनाही फारशी भूक नव्हती, पण बसलो आणि जेवलो.