पोट सुटलेली भिंत

मी पोट सुटलेली भिंत बोलतेय. उंची आता गुडघ्याएवढी उरलीय, पण तोरा अजून छतापर्यंतचा आहे. सवय जात नाही.

माझा जन्म दोन भावांच्या पैजेतून झाला. थोरल्याचं लग्न ठरलं आणि एका खोलीच्या दोन करायची वेळ आली. घराला तिन्ही बाजूंनी शेजाऱ्यांच्या भिंती, बाहेर वीतभरही सरकायला जागा नाही. थोरला म्हणाला, तू त्या टोकाकडून रच, मी या टोकाकडून, बघू मध्यावर आधी कोण पोचतं. दोरी लावायचं दोघांनाही सुचलं नाही. मध्यावर आले तर विटा समोरासमोर येईनात. वरून गिलावा थापून त्यांनी चूक झाकली आणि मला जन्मतःच पोट आलं. येणारा-जाणारा कोपर आपटायचा आणि शिव्या मी खायची.

तरी मी ऐटीत. मला वाटायचं, सगळं छत माझ्याच डोक्यावर आहे. मी जरा शिंकले तर घर खाली येईल.

खिडकीची बाजू थोरल्यानं धाकट्याला दिली. स्वतः मागच्या अंधाऱ्या खोलीत संसार मांडला. धाकटा झोपेचा पक्का. रोज सकाळी थोरला पलीकडून माझ्या पोटावर पळीनं दोनदा ठोकायचा. धाकटा "उठलो" म्हणायचा आणि तसाच लोळत पडायचा. एवढी मोठी भिंत, पण नोकरी गजराच्या घड्याळाची.

मग थोरला गेला. साधा ताप म्हणता म्हणता गेला. ठोकणं थांबलं. धाकटा कामावर उशिरा जाऊ लागला, पुढे जाईनासाच झाला.

मागच्या खोलीतल्या ओलीनं मुलं खोकत होती. वहिनीनं गवंडी बोलावला. त्यानं माझ्या माथ्यावरून पत्र्याची पट्टी आरपार फिरवली. "हिच्यावर छत टेकलेलंच नाही. ही नुसती स्वतःला सांभाळतेय." इतक्या वर्षांची माझी ऐट एका पट्टीवर निघून गेली. हिला काढा, उजेड-वारा मागपर्यंत जाईल, असं तो म्हणाला.

धाकटा भडकला. दादाच्या हातची भिंत आहे, म्हणत त्यानं गवंड्याला वाटेला लावलं. दुसऱ्या दिवशी पुतणी भर दुपारी दिवा लावून वाचताना दिसली, तर यानंच घण उचलला. आधी विचार, मग काम, ही त्याची रीतच नाही. आपली बाजू धडाधड पाडत तो जोडापर्यंत आला आणि थांबला. पुढची वीट थोरल्याची होती. माझ्या पोटाला मिठी मारून तो ढसाढसा रडला. मी अर्धी पडलेली, तो पुरता.

"भावजी, तुम्हाला खोली असावी म्हणून ह्यांनी ही बांधली," वहिनी म्हणाली. "पोरांना अंधारात ठेवायला नाही."

त्यानं घण खाली ठेवला.

"गुडघ्याएवढी ठेवा. मलाही टेकायला जागा होईल."

मग त्यानं मला वरून एकेक वीट काढत उतरवलं. आपल्या पाडलेल्या विटा थोरल्याच्या विटांना लागून रचल्या, या वेळी दोरी लावून. घर वीतभरही वाढलं नाही, पण दुपारचं ऊन आता मागच्या भिंतीला टेकतं.

तुमच्या घरी एखादी भिंत फार तोऱ्यात असेल, तर तिच्या माथ्यावरून एकदा पट्टी फिरवून बघा. मात्र हळू फिरवा, बिचारीला लागतं.

धाकटा आता मला लागूनच झोपतो. आज सकाळी वहिनी पळी घेऊन आली. क्षणभर घुटमळली, मग माझ्या उरल्यासुरल्या पोटावर दोनदा ठोकलं.

"उठलो," तो म्हणाला. आणि खरंच उठला.