दोन भावांचं चांदीचं नाणं

"त्यास्नी म्हनावं, एशी बंद करा. थंडी वाजती," मागच्या सीटवरून दशरथ म्हणाला.

त्याचा थोरला भाऊ गेनबा पुढं बसला होता, हातभर अंतरावर. तरी गेनबाच्या बायकोनं, मैनानं, निरोप पोचवला. "अहो, भावजी म्हनत्यात एशी बंद करा."

"त्यास्नी म्हनावं, वैशाखात थंडी वाजती तर घोंगडं घेऊन हिंडा."

"त्यास्नी म्हनावं, गाडी माझ्या पोराची हाय."

गाडी चालवणारा दशरथाचा पोरगा ऋषी आयटी कंपनीत होता. "काका, पप्पा, प्लीज! ट्रॅफिक बघू द्या मला," तो वैतागून म्हणाला. मैनाच्या मांडीवर रुमालात बांधलेलं एक चांदीचं नाणं होतं. त्या नाण्यापायी दोघा भावांचं बोलणं दोन वर्षं बंद होतं.

गोष्ट हसण्यासारखी आहे, आणि वाघजाईवाडी पोटभर हसलीही. कोथरूडच्या पलीकडची ही वाडी महापालिकेत गेली आणि ज्वारीच्या रानात काचेच्या इमारती उगवल्या. सात एकरांचा पैसा वाटताना भावांत शब्दाला शब्द लागला नाही. बंगले वाटले, गाड्या वाटल्या, म्हशीसुद्धा वाटल्या. घोड्यानं पेंड खाल्ली ती नाण्यापाशी. जमीन घेणाऱ्या कंपनीनं इमारतीच्या उद्घाटनाला शाल, नारळ आणि सरकारी टाकसाळीतलं, शंभर रुपये लिहिलेलं चांदीचं नाणं दिलं. सातबारा एक, म्हणून नाणंही एकच. मग विहिरीच्या पाण्याची लावतात तशी भावांनी त्याची पाळी लावली. एक दिवाळी थोरल्याकडं, एक धाकट्याकडं. पाच-सहा वर्षं नाणं इमानानं ये-जा करत होतं.

मग ऋषीला कंप्युटरवर दिसलं, की तसल्याच एका नाण्याचे कुणीतरी एक लाख ऐंशी हजार मागितलेत. मागितले होते, कुणी दिले नव्हते. पण एवढा बारीक फरक वाडीत कोण करतो? त्या वर्षी नाणं गेनबाच्या देव्हाऱ्यात होतं. पुढच्या दिवाळीला त्यानं ते सोडलं नाही. दशरथ दारात येऊन "चोर" म्हणाला, गेनबा आतून "भिकारडा" म्हणाला, आणि दारं बंद झाली.

आता दशरथाच्या पोरीचं, शालूचं लग्न निघालं होतं. गेनबाला मूलबाळ नव्हतं. शालू त्याच्या खांद्यावर वाढली, त्याच्या ताटातला पहिला घास तिचा. लग्नाची पत्रिका छापखान्यात जुळवून तयार होती, आज संध्याकाळी छपाईला जाणार होती. तिच्यावर एकशे बेचाळीस नावं होती. नगरसेवक, माजी नगरसेवक, होऊ घातलेले नगरसेवक, गणपती मंडळाचे खजिनदार. थोरल्या चुलत्याचं नाव नव्हतं. "नाण्याचा निकाल लागल्याबिगर नाव पडायचं न्हाई," असं दशरथ पारावर बोलून बसला होता. शेवटी चार म्हाताऱ्यांनी तोडगा काढला: नाण्याची किंमत करा, एकानं नाणं घ्या, दुसऱ्याला निम्मे पैसे द्या.

गेनबाला नाणं नको झालं होतं. त्याला त्या पत्रिकेवर नाव पाहिजे होतं. पण तसं सरळ म्हणणारी जीभ देवानं त्यांच्या घराण्यात कुणाला दिली नव्हती.

कसबा पेठेत गल्लीच्या तोंडाशीच गाडी अडली. ती तिथंच लावून चौघं पायी निघाले, दोन भाऊ रस्त्याच्या दोन कडांनी. जुन्या नाण्यांचे जाणकार मेहेंदळे यांच्या दुकानावर पाटी होती, 'नाणे दाखवावे. त्याचा इतिहास सांगू नये.'

"त्या मखमलीवर ठेवा," मेहेंदळे मान वर न करता म्हणाले. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि बराच वेळ काढलं नाही. "याची डबी कुठं आहे?"

"प्लाष्टिकची व्हय? तीत हिंग ठिवलाय मी," मैना म्हणाली.

"अरे वा. आणि हे इतकं गुळगुळीत कशानं केलंत?"

मैनाला वाटलं, कौतुक चाललंय. "लक्ष्मीपूजनाला चिंच न् राखुंडीनं घासती की! आमची जाऊ कौशल्या तिच्या पाळीला विटकर लावायची. पर माझ्या हातचं जास्त चमकायचं."

"छान. दोघींनी मिळून नाण्यावरच्या सिंहांची तोंडं पुसलीत." मेहेंदळ्यांनी भिंग खाली ठेवलं. "डबी उघडलीच नसती, तर हौशी माणसानं सहा-सात हजार दिले असते. आता नुसती चांदी धरायची. तीही निम्मी, बाकी तांबं वगैरे. सव्वापाचशे रुपये."

ऋषी मोबाइलमध्ये तोंड खुपसून उभा राहिला. गेनबानं मनात निम्म्याचा हिशेब केला. अडीचशे रुपड्यांसाठी आपण दोन वर्षं शालूच्या दारात गेलो नाही! त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. नाणं दशरथाला असंच देऊन टाकतो, असं सांगायला त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात मेहेंदळे म्हणाले, "रागावू नका, पण अशी नाणी कंपन्या टोपलीनं वाटतात. त्यात मिरवण्यासारखं काही नसतं."

दशरथ ताडकन उठला. "मिरवन्यासारखं न्हाई? ओ, माझ्या बाची सात एकर गेली तवा ह्ये घरात आलं! लावा की भिंग, त्यात आमच्या रानातला हरभरा दिसतोय का बघा!"

"विहीर बी बघा म्हनावं!" गेनबा ओरडला. "दोन पिढ्यांनी खांदली ती. उचल रं दशरथा त्ये नानं!"

"दादा, तू ऊठ आदी. ह्या मानसाला आपल्या मालातलं काय कळतंय!"

सवयीनं मैना निरोप पोचवायला गेली आणि तोंडावर हात ठेवून थांबली. दोघं भाऊही थांबले. काय झालं ते सगळ्यांच्या एकदमच ध्यानात आलं.

"तपासणीचे वीस रुपये ठेवा," मेहेंदळे म्हणाले, "आणि उरलेलं बाहेर बोला."

बाहेर आल्यावर गेनबाला रडू फुटलं. कसबा पेठेच्या भर गल्लीत तो धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत राहिला. "नानं तू घे," तो म्हणाला. "मला कायसुदिक नगं. माझं नाव तेवढं घाल रं."

दशरथानं छापखान्याला फोन लावला.

"हालो, शालूच्या पत्रिकेत सगळ्यात वर नाव टाका. गेनबा आन मैनाबाई. मोठ्या अक्षरात... जागा न्हाई? मग एक नगरसेवक काढा... कंचा? कंचा बी काढा!"