ढाप्याचे रोडगे

आमच्या गल्लीच्या तोंडाशी नाली आहे. तिच्यावरचा सिमेंटचा ढापा विटांच्या ट्रॅक्टरखाली मोडला, नेमका वर्षाताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली त्याच आठवड्यात. आता पायी येणारा माणूस फळीवरून येतो, मोटारसायकल कशीबशी निघते, पण ऑटो काही आत येत नाही. आणि आमचं घर गल्लीत अगदी शेवटी.

"वेळेवर हिले त्या फळीवरून नेऊ काय?" आई म्हणाली. "त्यापेक्षा अनसिंगले मावशीकडं पाठवून देते. तिच्या दारात गाडी उभी राह्यते."

ताईनं आल्या आल्या पाळण्याची कडी ओढून पाहिली होती, घट्ट आहे म्हणून खूश झाली होती. आईचं बोलणं ऐकून ती फक्त कडीकडे बघत बसली. मला तर रडूच आलं. तिच्या लग्नानंतर घरात हसायला माझ्याजोगं कोणी उरलंच नव्हतं, आणि आता बाळ मावशीकडे?

मालेगावातलं आमचं ले-आउट अजून नगरपंचायतीच्या ताब्यात गेलेलं नाही. त्यामुळे नाली, दिवे, पाणी, सगळं कॉलनीच्या समितीकडे. मी मोडक्या ढाप्याचा फोटो कॉलनीच्या ग्रुपवर टाकला. धडाधड अंगठे आले. कोणी हात जोडले. मग कोणाचा तरी वाढदिवस निघाला आणि माझा ढापा केकांखाली गाडला गेला.

मी समितीच्या अध्यक्षांकडे गेले. उदयसिंग काकाजी, एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर.

"समितीसमोर ठेवतो बेटा."

सचिव प्रसेनजित सर म्हणाले, "अध्यक्षांनी सांगितलं, की लगेच."

शेजारच्या गोजराकाकू म्हणाल्या, "काळजी नको करू व माय. समिती करीन नं."

"काकू, तुम्हीच तर समितीत आहात!"

"मी? मले तं सही कराले बोलावते!"

मागच्या वर्षीची मी असते तर गुपचूप घरी आले असते. पण यंदा शाळेच्या गॅदरिंगचं सूत्रसंचालन मी केलं. तेव्हापासून हिच्या तोंडाले ब्रेक नाही, असं आईचं मत आहे. मलाही ते पटतं, आणि आवडतं.

महिना तसाच गेला. आईनं दाराशी अनसिंगची बॅग भरून ठेवली.

मग आले कॉलनीचे रोडगे. दरवर्षी मारुतीच्या मंदिरामागच्या मोकळ्या प्लॉटवर गोवऱ्यांच्या आगीत कणकेचे रोडगे भाजतात, सोबत वांग्याची भाजी, वरण आणि वरून तुपाची धार. सकाळी काकाजी मधोमध उभे राहिले आणि त्यांनी कंडक्टरी आवाज लावला.

"बबलू, गोवऱ्या तुह्याकडं! गोजराबाई, वांगे! सर, तुमी पान्याचं पाहा! दुपारी पंगत बसली पाह्यजे!"

ज्याचं नाव घेतलं तो पळाला. बबलूभाऊ आमच्याच कॉलनीतले ऑटोवाले, ऑटोच्या टपापर्यंत गोवऱ्या भरून आले. गोजराकाकू वांग्यांच्या ढिगामागे दिसेनाशा झाल्या. दुपारी सगळी कॉलनी पंगतीत बसलेली! मी पत्रावळीसमोर बसून बघतच राहिले. हीच ती माणसं. मग ढाप्यालाच काय झालं? ढाप्याला "समिती करेल" म्हणतात. इथे समिती नव्हतीच. इथे बबलू होता, गोजराबाई होती.

मी उभी राहिले. आईनं ओढणी ओढली, पण ओढणीच तिच्या हातात राहिली.

"काकाजी, आमच्या ढाप्याचेही रोडगे करा नं!"

सगळी पंगत माझ्याकडे बघायला लागली.

"काय म्हनून राह्यली ही पोट्टी? ढाप्याचे रोडगे?" काकाजी म्हणाले.

"म्हणजे असंच नाव घेऊन सांगा. समितीकडं नका ठेवू. माझ्या ताईचे दिवस भरत आले. ऑटो दारात आला नाही, तर आई तिला अनसिंगला धाडणार आहे. रेती कोणाकडं आहे?"

मग प्रसेनजित सरांनी वरणाची बादली खाली ठेवली. त्यांच्या घराचं बांधकाम सुरू आहे. "रेती, गिट्टी माझ्याकडून. लोखंडही आहे उरलेलं. मिस्त्रीही माझाच घ्या."

"सिमेंटचं पोतं माह्याकडं हाय," गोजराकाकू म्हणाल्या. "आमचं घर बांधलं तवाचं."

"काकू, ते तं आता गोटा झालं असन!" बबलूभाऊ ओरडले. "नवीन पोतं मी आनतो. मलेच तं ऑटो न्यायचा हाय."

पंगत खदखदा हसली, काकू सगळ्यात जास्त.

"अन् माह्याकडं काय?" काकाजींनी मिशीवर हात फिरवत विचारलं.

"तुमच्याकडं वार. कोणत्या वारी ते सांगा."

तूप वाढणारा माणूस भांडं तसंच धरून त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिला. मला वाटलं, आता रागावतात.

"सोमवार," काकाजी म्हणाले. "आता बस खाली, तूप थंडं होऊन राह्यलं!"

आणि सोमवारी खरंच नवा ढापा टाकला गेला! मी शाळेतून आले तर मिस्त्री वरून थापी फिरवत होता. "घाई करू नका," तो म्हणाला. "पानी मारत राहा. मी सांगतो तवाच गाडी घाला."

पाणी मारायचं काम काकाजींनी स्वतःकडे घेतलं. ओली पोती अंथरून ते तिथेच खुर्ची टाकून बसत. कोणी मोटारसायकल पुढे रेटली की म्हणत, "उतर खाली. गाडी इथंच थांबते." इकडे ताईचे पाय सुजायला लागले. आई रोज दाराकडे बघायची, बॅगेकडे बघायची आणि म्हणायची, "मिस्त्री हो म्हने, तोवर थांबते."

ज्या दिवशी तो हो म्हणाला, त्या दिवशी शाळेला सुटी होती, हे माझं केवढं नशीब! बबलूभाऊंनी ऑटो लावला.

"थांब," काकाजी म्हणाले. "रिकाम्या गाडीनं काय समजते? वजन पाह्यजे." आणि ते स्वतः मागे बसले. सरांना ओढून घेतलं. मग म्हणाले, "गोजराबाई, या."

"माह्यं वजन काढून राह्यले काय, काकाजी?"

"तुमच्याबिगर टेस्ट पुरी होत नाई!"

काकू हसत हसत आत कोंबल्या गेल्या. ऑटो ढाप्यावर चढला. काकाजी अर्धे बाहेर वाकून खाली बघत होते. ऑटो पलीकडे उतरला, ढापा तसाच! मी पळत सुटले, ऑटो मागे, हॉर्न वाजतोय, गल्लीतली सगळी दारं उघडतायत.

ऑटो आमच्या दारात येऊन उभा राहिला. अगदी पायरीला लागून.

ताई बाहेर आली. काकाजी उतरले, तशी ती त्यांच्या पाया पडायला वाकू लागली.

"वाकू नको बाप्पा!" काकाजी दोन पावलं मागे सरले. "बाळ इथंच होऊ दे, त्यातच आमचं आलं सगळं." आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. एवढा जड, प्रेमाचा हात! काकाजी, सर, काकू, बबलूभाऊ, कोणाला आधी थँक्यू म्हणू तेच मला कळेना. म्हणून मी सगळ्यांना म्हटलं, आणि मिस्त्रीसाठी पुन्हा एकदा.

आईनं चहाचं आधण ठेवलं, दाराशी असलेली बॅग उचलून कपाटावर टाकली आणि पदराला हात पुसत मला म्हणाली,

"निकिता, मावशीले फोन लाव. तिले म्हन, आता तूच ये इकडं. गाडी दारापर्यंत येते."