हबीबची नवी कल्हई

मित्रांनो, मी कल्हईवाल्याचा एक जुना भाता आहे. माझ्या अंगात स्वतःचा असा श्वास कधीच नव्हता. बोकडाचे कमावलेले कातडे, तोंडाशी लोखंडी नळी आणि मागे दोन लाकडी पट्ट्या, एवढाच माझा देह. वाशीमच्या हबीबने लग्नाच्या वर्षी मला शिवले आणि त्या पट्ट्या आपल्या बायकोच्या, जैतुनबीच्या, हाती दिल्या. पुढची तीस वर्षे निखाऱ्यांवर जो वारा मी सोडला, तो तिच्या मनगटातला होता.

पितळेचे भांडे आतून उघडे राहिले की त्यातली कढी कळकते, हिरवी पडते, खाणाऱ्याच्या पोटात मळमळते. म्हणून आतून कथलाचा पातळ थर द्यायचा, तीच कल्हई. भांडे तापले की नवसागराचा पांढरा धूर उठे, कथलाची कांडी टेकताच एक थेंब वितळे, आणि हबीब कापसाच्या बोळ्याने तो थेंब असा फिरवी की काळ्या पोटात चांदणे उतरावे. जैतुनबी त्या धुरात डोळे मिटून मला दाबत राही.

आम्ही दर साली रिठद गावी जात असू. तिथे कस्तुराबाईच्या अंगणात आमची भट्टी लागे. हबीबची एक रीत होती. कल्हई झालेल्या पहिल्या भांड्यात तो रात्रभर आंबट ताक ठेवी आणि सकाळी साऱ्यांदेखत स्वतः पिऊन दाखवी. त्यानंतरच बाया आपापली भांडी उचलत.

मग लढाई पेटली आणि मलायाकडून येणारे कथील बंद झाले. हबीबच्या पेटीत बोटाएवढी एक कांडी उरली. तेव्हा त्याची नजर चहाच्या रिकाम्या पेट्यांवर गेली. त्यांना आतून शिशाचा पातळ पत्रा असे.

जैतुनबी म्हणाली, "अजी, शिसं जहर असते म्हन्तात."

"जित्तं शिसं जहर. म्या त मारलं ना त्याले! सात डाव वितळवलं, सात डाव ताकात इझवलं. हकीमसाब मारलेलं शिसं दवाईत देतेत, मंग भांड्याले काय होते?"

त्या दिवशी त्याच्या चेहऱ्यावर मी शोध लावणाऱ्या माणसाचा उजेड पाहिला. मित्रांनो, तो उजेड खोटा नव्हता. म्हणूनच मला तो आजही छळतो.

उरल्या कथलात शिसे मिसळून केलेले हे नवे मिश्रण नुसत्या कथलापेक्षा लवकर वितळे आणि दूरवर पसरे. रिठदला त्याचे फार कौतुक झाले. "हबीब, कायले इतकं चमकवतं रे?" कस्तुराबाई हसून म्हणाली, "माह्यी सून कढी ढवळाची सोडून तोंडच पायत बसन!" सून रुख्मिणी पदराआड हसली. सकाळी हबीब ताक प्यायला. त्याला काहीच झाले नाही. शिसे एका रात्रीत बोलत नाही.

वर्षभर तो हीच कल्हई करत राहिला. उन्हाळ्याच्या तोंडाला माझ्या लक्षात आले की पट्टीवरची पकड सैल पडते आहे. आधी बोटे सुटली; मग जैतुनबीचे मनगटच खाली लोंबू लागले, वाळक्या फांदीसारखे. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिचा ओठ वर करून हिरड्यांवरची निळसर रेघ पाहिली आणि एवढेच विचारले, "घरात शिशाचे काम होते का?"

घरी येऊन हबीब भिंतीला टेकून बसला.

"रिठदले जा," जैतुनबी म्हणाली.

"सांगतलं त मले कोन दारात उभं करन? दुसरं काय येते मले?"

"अन नाही सांगतलं त? त्या बाया आताही कढी करून राह्यल्या असतीन."

तो मला खांद्यावर टाकून एकटाच निघाला. रिठदच्या अंगणात शिरताच कस्तुराबाईचा दीर पुंजाजी बाजेवरूनच ओरडला, "आला रे चांदीवाला! भेटलं काय कथील?"

"नाही, पुंजाजीभाऊ. कल्हई लावाले नाही आलो, काढाले आलो."

आणि उभ्या उभ्याच त्याने सारे सांगितले. कस्तुराबाईने दाराकडे पाहिले. तिथे रुख्मिणी उभी होती. त्या वर्षात तिची कूस दोनदा रिकामी झाली होती. ते शिशामुळेच झाले का, हे कोणी सांगू शकत नव्हते.

"आमी इलेच बोल लावत राह्यलो," कस्तुराबाई हळूच म्हणाली. "म्या म्हनलं, इचाच पायगुण. हबीब, तुह्यावर भरोसा होता रे. इच्यावर नाही ठेवला म्या."

थर उतरवायला भांडे पुन्हा तापवावे लागते आणि भट्टीला वारा हवा. पट्ट्या धरायला कोणी पुढे येईना. शेवटी रुख्मिणीच आली. हबीबकडे न पाहता ती माझ्यामागे बसली. "पेटवा," ती म्हणाली.

हबीबने आपला गमछा तिच्यापुढे धरला. "तोंडाले बांध, बाई. धूर आत नोको घेऊ." जैतुनबीला त्याने हे तीस वर्षांत कधी सांगितले नव्हते.

दिवस मावळेपर्यंत चाळीस भांड्यांचे चांदणे पुसले गेले. उतरलेल्या शिशाचा सारा मळ हबीबने गावाबाहेर खोल पुरला. निघताना कोणी त्याला थांबवले नाही, कोणी शिवीही दिली नाही.

वर्षभरात जिथे जिथे ही कल्हई केली होती, तिथेही तो असाच गेला. लढाई संपल्यावर कथील परत आले. हबीब कल्हईकडे परतला नाही. जैतुनबीचा हात तसाच राहिला. तो तिला घास भरवतो, आणि मी खुंटीवर उंदरांना कातडे देत लटकतो. मला तेल लावा, असे मागणे मी मागणार नाही. एवढेच मागतो: मित्रांनो, उद्या तुम्ही काही नवे शोधाल, लोक वाहवा करतील. त्या वाहवेवर समाधान मानून घरी बसू नका. महिन्याने, वर्षाने, पुन्हा त्याच दारी जा, आणि आतल्या बाईला विचारा, "बरी आहेस ना?"