शेवटची बालटी

या मायबापहो, टाळ मांडीवर ठेवा अन् जवळ सरका. अभंग तर रोजचेच. आज एका विहिरीची गोष्ट सांगतो.

चिचगडच्या वाटेवर एक गाव आहे. तिथली मंगली त्या सकाळीही विहिरीपासून दहा पावलं लांब, पळसाखाली बसली होती. नवरा गेल्यापासून तिची जागा तीच. सगळ्या सवाशिणींचं भरून होईपर्यंत विधवेनं दोराला हात लावायचा नाही, नाहीतर झरा आटतो, असा गावाचा नेम. पाणी मुबलक होतं तोवर या नेमाने कुणी मेलं नव्हतं.

पण आता पाणी कुठलं? पूर्वी धरणाचं पाणी मातीच्या कालव्यातून गावाला वळसा घालून जाई, अन् जाता जाता झिरपून विहिरींची पोटं भरी. आता मोठाले पंप तेच पाणी बंद पाइपातून टेकडीपल्याड चढवत होते. पंपांना अखंड वीज, गावाला चार तास. त्या चार तासांत भरपूर पाणी उपसता यावं म्हणून गावातला बडा शेतकरी टिकाराम याने विहिरीच्या वरच्या अंगाला तीनशे फूट बोअर मारलं, उन्हाळी धान लावलं. तिथं तर विधवेला पाऊल टाकायचीही बंदी होती. मोटर सुरू झाली की विहीर खाली जाई. बाया म्हणत, मंगलीची सावली पडली.

आज तिच्या पदराला मीठ-साखरेच्या औषधाची पुडी बांधलेली होती. चार वर्षांची नात आचल, तिला दोन दिवस जुलाब-उलट्या. आईबाप नागपूरला कामावर. "गाडी बोलावली आहे, तोवर लिटरभर पाण्यात कालवून घोटघोट पाज," आशाताई सांगून गेली होती. घरातला रांजण कोरडा.

"सुलोचनाबाई, आज एक बालटी पयले काढू द्या ना. पोट्टी ओ देऊन नाही रायली."

सुलोचनाबाई टिकारामची बायको. हरिपाठ कधी न चुकवणारी. "काऊन, मंगले? तुह्यापायी गावाची हीर आटवू का? दहाच बाया तं रायल्या."

"मंग तुमच्यातलंच गिलासभर द्या."

"देवाच्या पूजेचं हाय ते."

"बुढीले आजच घाई सुटली!" रांगेतली निर्मलाबाई हसली.

तेवढ्यात वीज आली. वर मोटर घरघरली.

मंगलीची पाळी आली तेव्हा बालटी दगडावर वाजली. वर आला तो गाळ. तिने तो पदरातून गाळला. वाटीभर पाणी निघालं. ती वाटी दोन्ही हातांनी झाकून ती घराकडे धावली.

आचलचे ओठ उघडले नाहीत. पाणी गालावरून ओघळून चटईत गेलं.

तिसऱ्या दिवशी सुलोचनाबाईने दोर मंगलीपुढे धरला. "तू काढ पयले."

"कोनासाठी, बाई?"

सुलोचनाबाईने दोर खाली ठेवला. ती पळसाखाली मंगलीशेजारी बसली. वीज आली, वरची मोटर वाजली नाही. मोटरच्या पेटीची चावी सुलोचनाबाईच्या मुठीत होती. टिकाराम बांधावरून ओरडत राहिला.

विहीर मात्र बोटभरही चढली नाही. खोल गेलेलं पाणी एका दिवसात वर येत नसतं.

मायबापहो, घरी जाऊन देवापुढे तांब्या ठेवाल, तेव्हा दहा पावलांवर कोण बसलंय ते आधी बघा. आणि आचलची आठवण ठेवा.