जळवा धरेनात

मतनियाझच्या कानामागे लावलेली तिसरी जळूसुद्धा तोंड फिरवून मानेवर घरंगळली, तेव्हा ऐजमालच्या मनात पाल चुकचुकली. हा लागोपाठ तिसरा बुधवार. चाळीस वर्षं तिने अर्ध्या खोरेझम प्रांताला जळवा लावल्या होत्या, आणि आता स्वतःच्याच नवऱ्याला धरायला त्या नाकं मुरडत होत्या.

"भूक नसेल त्यांना," मतनियाझ म्हणाला आणि टोपी चढवून उठायला लागला.

"भूक नसायला काय झालं? भाताच्या खाचरातून मीच वेचून आणल्यात. हिवाळाभर उपाशी ठेवल्यात, तुमच्यासाठी, वेगळ्या बरणीत."

बोलता बोलता तीच थबकली. उपाशी जळू धरत नाही, असं होत नाही. म्हणजे ती उपाशी नाही. म्हणजे तिला कुणीतरी पाजलंय. आणि बरण्यांच्या खोलीच्या किल्ल्या दोनच. एक तिच्या कमरेला, दुसरी सुनेकडे.

सून इंतिझार दोन वर्षांपूर्वी घरात आली होती. मुलगा रशियात इमारती बांधायला गेलेला. पोरगी कामाला वाघ, पण बोलायला महाग, आणि कमी बोलणाऱ्या माणसांवर ऐजमालचा कधीच विश्वास नव्हता. आता तर सगळं जुळायला लागलं. दर मंगळवारी ही बाजारात जाते, भाकऱ्यांच्या टोपलीवर फडकं घट्ट बांधून उशिरा परत येते. शेजारणीने तिला शरोफतच्या गल्लीत पाहिलं होतं. शरोफत म्हणजे ती, जिचे पाय सुजलेत आणि जिला एका जुन्या भांडणापासून ऐजमालने दारात उभं केलं नव्हतं.

"पण जळवा फुगलेल्या तर दिसत नाहीत," मतनियाझ पुटपुटला.

"चार घोट पाजून ओढून काढली की फुगत नाही. भूक तेवढी मरते." संशय एकदा घरात शिरला की त्याला कारणं आपोआप सुचतात. ऐजमालला तर भराभर सुचत होती.

तिला जळवा नेल्याचा राग नव्हता, भीती होती. एकाची जळू दुसऱ्याला लावायची नाही, हा या कामातला पहिला नियम. प्यायलेलं रक्त तिच्या पोटात महिनोन्महिने तसंच राहतं. शरोफतला कावीळ होऊन गेलेली. तिचं उष्टं रक्त घरच्या म्हाताऱ्याच्या अंगात गेलं असतं तर?

तिने सुनेला अंगणात, द्राक्षाच्या मांडवाखाली उभं केलं.

"मंगळवारी कुठे जातेस?"

"बाजारात, ओयी." सासूला ती अशीच हाक मारायची, आई म्हणून.

"आणि बाजारातून?"

इंतिझारने छातीवर हात ठेवून मान खाली घातली. मग हळूच सासऱ्याकडे पाहिलं. सासरा चहाच्या पेल्यात पाहत होता.

"माझ्या जळवा बाहेर नेतेस?"

"नाही."

"मग कुठे जातेस ते सांग की सरळ."

"ते नाही सांगता येणार, ओयी."

झालं. ऐजमालने तिथल्या तिथे व्याह्याला फोन लावला. "तुमची लेक घेऊन जा. माझ्या घरात चोरी चालत नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी व्याही रोझमत आला, ट्रॅक्टर चालवतानाच्या कपड्यांवरच. चहाला हात न लावता म्हणाला, "चोरी कसली ते दाखवा. मग नेतो."

"दाखवते ना." ऐजमालने ती बरणी सगळ्यांच्या मधोमध ठेवली. "या जळवा भुकेल्या असत्या, तर परक्याचासुद्धा हात सोडला नसता. बघा आता, हुंगतील आणि वळतील."

तिने मनगट पाण्यात बुडवलं. तळाशी पडलेल्या जळवा लहरत वर आल्या. पहिलीने धरलंच. तीन जबड्यांची ती ओळखीची चुरचुर. मग दुसरीने धरलं. तिसरी तर तळव्यालाच चिकटली.

"पोट भरल्यावर एवढं खातात होय?" रोझमत म्हणाला. "आमच्या गाईला शिकवणीला पाठवतो यांच्याकडे."

ऐजमालचं तोंड उतरलं. जळवा भुकेल्या होत्या. म्हणजे खोट माणसात होती. लटकत्या जळवांसकट ती उठली, नवऱ्यापाशी गेली आणि वाकून त्याच्या कानामागे हुंगलं. मलम. गुडघ्याला चोळायचं ते मलम; घरभर रोजच घमघमायचं, म्हणून इतके दिवस तिला वेगळं जाणवलं नव्हतं. जळूला दहा डोळे असले तरी ती वासावर चालते, साबणाच्या वासानेही तोंड फिरवते, हे ती येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची.

"गुडघे काय कानामागे आलेत तुमचे?"

मतनियाझने टोपी काढून मांडीवर ठेवली. "हिवाळ्यात छातीत धडधडायचं, तेव्हा दवाखान्यात गेलो होतो. रक्त पातळ ठेवायची गोळी दिलीय. डॉक्टरीणबाई म्हणाली, ही चालू असताना जळू लावली तर रक्त थांबायचं नाही."

"मग मला सांगायचं."

"तुला? गोळी घेणाऱ्या माणसाला तू काय काय बोलतेस, चाळीस वर्षं ऐकतोय मी."

गोळ्या कोण आणतं, हे कुणाला विचारावं लागलं नाही. औषधाचं दुकान शरोफतच्याच गल्लीत होतं. ऐजमालला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चूक माझी," ती व्याह्यासमोर, सुनेकडे बघत म्हणाली. "पोरी, तुझ्यावर भलता आळ घेतला मी. मला माफ कर."

इंतिझारने नेहमीसारखाच छातीवर हात ठेवला. पण बोलली ती सासऱ्याशी; त्याला ती दादा म्हणायची, वडील म्हणून.

"ओयींना माहीत नव्हतं, दादा. तुम्हाला माहीत होतं. कुणाला सांगू नकोस म्हणालात, मी नाही सांगितलं. काल मला चोर म्हटलं तेव्हा तुम्ही चहा पीत होतात."

मतनियाझने मांडीवरची टोपी उचलून पुन्हा डोक्यावर चढवली.

ती आत गेली आणि थोड्या वेळाने कपड्यांचं गाठोडं घेऊन बाहेर आली. रोझमतने ते तिच्या हातून घेतलं. ऐजमालच्या हातावरच्या जळवा पिऊन गळून पडल्या होत्या आणि रक्त बोटांपर्यंत ओघळत होतं. इंतिझारने तिच्या दुसऱ्या, कोरड्या हातात गोळ्यांचं पाकीट ठेवलं.

"रोज संध्याकाळी एक. जेवल्यावर. ते विसरतात, तुम्हीच द्यायला हवी."

परत कधी येणार हे तिने सांगितलं नाही, आणि विचारायला ऐजमालला तोंड नव्हतं.