प्लगजवळची खुर्ची

माझे धाकटे दीर कॉम्प्युटर दुरुस्त करतात, आणि माझा त्यांच्यावर काडीचा विश्वास नव्हता. "वहिनी, हा डबा काढा, नवीन घ्या," असं ते तीन वर्षं म्हणत होते आणि नवीन डबे तेच विकत होते. पाणी कुठं मुरतंय ते मला दिसत होतं.

आमच्या कारखान्यात एक पाय आखूड असलेल्यांसाठी बूट बनतात. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पायाचं माप त्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये, आणि चामडं कापणारं मशीन फक्त त्याचंच ऐकतं. तो मेला की कारखान्याला कुलूप. पण त्याची डिस्क भरली. नवी मोठी डिस्क जोडली, तर पठ्ठ्या तिला ओळखच देईना.

भाऊजींनी झाकण काढलं. "बोर्डावर ही चिप आहे ना, कॉम्प्युटर चालू केला की आधी ती जागी होते. तिच्यातला प्रोग्राम जुना आहे, एवढी मोठी डिस्क त्याला माहीतच नाही. नवा भरावा लागेल."

"आणि बिघडलं तर?"

"भरताना वीज गेली तर बिघडेल. तेवढा वेळ कशालाही हात लावू नका."

मग ते पॅसेजमध्ये फोन करायला गेले. मी काही बहिरी नाही. "तुझ्याकडे तसलाच बोर्ड आहे ना? इथला मेला तर लगेच न्यायला येतो," असं म्हणत होते. मरायच्या आधीच तयारी! माझं डोकंच फिरलं.

परत येऊन त्यांनी नव्या प्रोग्रामची फ्लॉपी घातली, दोन बटणं दाबली आणि चष्मा पुसत बसले. मी पडद्याजवळ गेले. इंग्रजी मला बेताचंच येतं, पण 'पुसतोय' एवढं कळलं. भरतो म्हणाले होते आणि हे तर पुसत होते! मी सरळ प्लग उपटला.

भाऊजी ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "वहिनी," ते म्हणाले, "पाटी पुसल्याशिवाय नवीन लिहिता येतं का?"

प्लग लावला. पंखा फिरला, पडदा काळाच राहिला.

"तुम्हाला हेच हवं होतं," मी म्हणाले. ते चपला घालून निघून गेले.

तासाभरात आले ते वर्तमानपत्रात गुंडाळलेला बोर्ड घेऊन. "मित्राच्या चालत्या मशीनचा आहे. संध्याकाळी परत द्यायचाय." त्यांनी तो जोडला, तीच फ्लॉपी घालून चालू केला आणि चालू असतानाच बारीक स्क्रू-ड्रायव्हरने त्याची चिप उचकटून काढली. तिच्या जागी आमची मेलेली बसवली.

"अहो, बंद तरी करा!"

"त्याच्या चिपनं तो जागा झालाय, तोवर आपली भरून घ्यायची. बंद केला तर सुरू कोणाच्या जिवावर होईल? आता चुकलं तर दोन्ही बोर्ड गेले."

त्यांनी एक खुर्ची भिंतीतल्या प्लगला खेटून ठेवली. मला वाटलं, माझ्यावर नजर ठेवायला स्वतः बसणार.

"बसा वहिनी. कुणाला इकडे फिरकू देऊ नका."

मी बसले. पडद्यावर पुन्हा तोच शब्द आला. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

भरून झालेली चिप आमच्या बोर्डावर परत गेली आणि आमचा कॉम्प्युटर नेहमीसारखा एकदाच 'पीं' करून बोलला. मोठी डिस्कही दिसली.

"झालं, उठा आता," भाऊजी म्हणाले.

मला लाजेनं उठवेना.